नौसेनापती जॉन गॉडफ्रे : वार्तेची पारख आणि मुंबईचे नाविक बंड

१९४६ च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात जे नाविक बंड झाले, त्याच्या हकीकतीत जॉन हेन्री गॉडफ्रे हे नाव बहुधा एकाच प्रसंगापुरते येते. नभोवाणीवरून हिंदी नाविकांना निर्वाणीची धमकी देणारा ब्रिटिश सेनापती, एवढीच त्याची ओळख वाचकाच्या मनात राहते. इंग्लंडमध्ये त्याच्याविषयी जे लिहिले गेले, त्यात नेमका उलट प्रकार आढळतो. तेथे तो दुसऱ्या महायुद्धातील नाविक गुप्तवार्ता विभागाचा कुशाग्र संचालक ठरतो आणि मुंबईच्या प्रकरणाला उपसंहाराची जागा मिळते. एकाच माणसाची ही दोन चरित्रे शेजारी ठेवून वाचली, तर इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक विचारार्ह प्रश्न उभा राहतो. वार्तेची सत्यासत्यता पारखण्याची शिस्त ज्याने आपल्या विभागास लावली, त्याला आपल्याच हाताखालील हजारो माणसांच्या मनातील गोष्ट वेळेवर का कळू नये? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

गॉडफ्रे याचा जन्म १८८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात झाला. १९०३ मध्ये तो ‘ब्रिटानिया’ या प्रशिक्षण-नौकेवर दाखल झाला आणि पुढे नौकानयन ही त्याने आपली विशेष शाखा म्हणून स्वीकारली. जहाजाचा मार्ग आखणाऱ्या अधिकाऱ्याचे काम साहसापेक्षा सावधपणाचे असते. किनाऱ्यावरील एकाच खुणेवर विसंबून आपले स्थान ठरविणे त्याला परवडत नाही. दोन-तीन खुणांच्या दिशा घेऊन, त्या नकाशावर मांडून, त्या जेथे एकमेकींस छेदतात तेथे आपण आहोत असे तो मानतो. आणि त्या नीट छेदत नसतील, तर आपल्या मोजणीत कोठेतरी चूक आहे हे ओळखतो. गॉडफ्रे याच्या पुढील कर्तृत्वाचे मूळ या शिक्षणात शोधणे गैर होणार नाही.

पहिल्या महायुद्धात तो ‘युरिआलस’ या क्रूझरवर होता. २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीच्या द्वीपकल्पावर दोस्तांचे सैन्य उतरविण्यात आले, त्या वेळी लँकेशायर फ्युझिलियर्स या पलटणीचे सैनिक याच नौकेने किनाऱ्यापर्यंत आणले. पाण्याच्या कडेला आणि पाण्यातही तुर्कांनी काटेरी तारा लावल्या होत्या, आणि त्या अडथळ्यांपाशी शेकडो माणसे गोळीबारास बळी पडली. गॅलिपोलीच्या मोहिमेचा ज्यांनी अभ्यास केला आहे, त्यांना तेथील नकाशे किती अपुरे होते हे ठाऊकच आहे. उंचवटे, घळी, पाणवठे, वाटा यांविषयीचे अज्ञान त्या मोहिमेत माणसांच्या प्राणांनी फेडावे लागले. युद्धाच्या अखेरच्या पर्वात गॉडफ्रे भूमध्य सागरातील सरसेनापतीच्या कचेरीत होता. पाणबुड्यांच्या धोक्यामुळे व्यापारी जहाजे एकेकटी न पाठविता संरक्षित ताफ्याने पाठविण्याची पद्धती याच काळात रूढ झाली, आणि समुद्रावरील हालचालींचा हिशेब जमिनीवरील एका कचेरीत बसून ठेवता येतो, ही गोष्ट नौदलाच्या गळी हळूहळू उतरू लागली.

दोन महायुद्धांमधील वीस वर्षांत त्याची वाटचाल एखाद्या होतकरू अधिकाऱ्याची असावी तशीच झाली. नाविक स्टाफ कॉलेजातील अध्यापन, चीनच्या सागरातील ‘केंट’ या क्रूझरचे आधिपत्य, अ‍ॅडमिरल्टीच्या योजना विभागातील काम, आणि १९३६ पासून ‘रिपल्स’ या बॅटल क्रूझरचे कप्तानपद. स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकले तेव्हा ‘रिपल्स’ने पाचशेच्या आसपास निर्वासितांना मार्सेय येथे पोहोचविले. १९३८ च्या जुलैत, अरबांचा उठाव चालू असता, हीच नौका पॅलेस्टाइनमध्ये हैफा बंदरी बंदोबस्तासाठी होती. परकी सत्तेविरुद्ध उठलेली प्रजा युद्धनौकेवरून कशी दिसते, हे गॉडफ्रे याला मुंबईच्या आधी आठ वर्षे दिसले होते.

१९३९ च्या आरंभी त्याची नेमणूक नाविक गुप्तवार्ता विभागाच्या संचालकपदी झाली. या पदावर पहिल्या महायुद्धात रेजिनल्ड हॉल होता. जर्मन तारांचे सांकेतिक लिखाण उलगडणारी ‘रूम ४०’ ही शाखा त्याच्या नावाशी जोडलेली आहे, आणि १९१७ मधील झिमरमन तारेचे प्रकरण त्यानेच हाताळले होते. गॉडफ्रे याने या निवृत्त पूर्वाधिकाऱ्याचा सल्ला मुद्दाम घेतला. परंतु त्याचे स्वतःचे वैशिष्ट्य निराळे होते. हॉलची बुद्धी डावपेचांची होती, गॉडफ्रे याची रचनेची. त्याने आपल्या विभागात वकील, प्राध्यापक, पत्रकार, शेअरबाजारातील माणसे यांना आणले. शेअरबाजारातून आलेला इअन फ्लेमिंग हा त्याचा खाजगी सहायक होता. पुढे १९५३ पासून फ्लेमिंगने ज्या गुप्तहेरकथा लिहिल्या, त्यांतील ‘एम’ या वरिष्ठाच्या पात्रात गॉडफ्रे याची छाया आहे असे सर्वसाधारणपणे मानतात. या योगायोगाने त्याला मिळालेली प्रसिद्धी खऱ्या कामाच्या मानाने क्षुल्लकच म्हटली पाहिजे.

खरे काम तीन प्रकारचे होते. पहिले, शत्रूच्या पाणबुड्यांचा मागोवा. अ‍ॅडमिरल्टीच्या ज्या दालनात हा मागोवा घेतला जाई, त्याचे प्रमुखपद १९४१ मध्ये रॉजर विन या बॅरिस्टराकडे आले. नौदलाचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या, पोलिओमुळे अपंग झालेल्या या गृहस्थाच्या अंदाजावर ताफ्यांचे मार्ग बदलले जाऊ लागले. पुरावा तोलण्याची वकिली सवय दर्यावर्दी अनुभवाइतकीच मोलाची आहे, हे ओळखून अधिकारश्रेणीची चौकट मोडण्याचे धैर्य या विभागाने दाखविले, हे येथे विशेष ध्यानात ठेवावयाचे आहे.

दुसरे काम भूगोलाचे. १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत गॅलिपोलीतील नकाशांच्या उणिवेची पुनरावृत्ती झाली. त्यानंतर ऑक्सफर्ड येथे तिन्ही दलांसाठी भूप्रदेश-वर्णनाचा विभाग उघडण्यात आला. लोकांनी सुट्टीच्या प्रवासात काढलेली परदेशी किनाऱ्यांची छायाचित्रे पाठवावीत, असे आवाहनही पुढे नभोवाणीवरून करण्यात आले. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्वानांकडून जे भौगोलिक ग्रंथ तयार करविण्यात आले, त्यांची संख्या ५८ खंडांपर्यंत गेली. ऑक्सफर्डच्या शाखेचे प्रमुख केनेथ मेसन हे पूर्वी भारतीय सर्वेक्षण खात्यात होते. आइसलँडपासून इंडोचायनापर्यंत आणि मोरोक्कोपासून इराणपर्यंतचे प्रदेश या मालेत आले. हिंदुस्थानावर मात्र त्यात एकही खंड नाही. माला ज्या हेतूने निघाली तो पाहता यात नवल नाही, कारण परक्या प्रदेशांची माहिती हवी होती आणि हिंदुस्थान राज्यकर्त्यांना माहीतच होता, असे गृहीत होते. हे गृहीत आपण पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवू.

तिसरे काम पद्धतीचे, आणि आपल्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. विभागाकडे येणाऱ्या प्रत्येक वार्तेस दोन स्वतंत्र दर्जे देण्याची रीत गॉडफ्रे याच्या कारकीर्दीत पक्की झाली. वार्ता देणारा किती विश्वसनीय आहे हे एका अक्षराने दाखवावयाचे, आणि वार्ता स्वतः किती संभवनीय आहे हे एका अंकाने. भरवशाच्या माणसाकडून चुकीची बातमी येऊ शकते आणि लबाडाच्या तोंडून खरी, हे तत्त्व या दुहेरी दर्जामागे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यास यात काही अपरिचित वाटणार नाही. साधनांचे बहिरंग आणि अंतरंग परीक्षण म्हणून आपण जे शिकतो व शिकवितो, त्याचेच हे कचेरीतील रूप होय. बखरीपेक्षा अस्सल पत्र श्रेष्ठ, हा इतिहासाचार्य राजवाडे यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. आणि अस्सल पत्राचा लेखकही खोटे लिहू शकतो, हे त्या आग्रहाला पुढील संशोधकांनी जोडलेले उपपद आहे. गॉडफ्रे याने या दोन्ही गोष्टी एका अक्षरात व एका अंकात बसविल्या.

ही पद्धती त्याने वरिष्ठांच्या बाबतीतही सोडली नाही. जर्मनीने युद्धास आरंभ केला तेव्हा तिच्यापाशी ५७ पाणबुड्या होत्या. त्यांपैकी निम्म्या बुडाल्या असाव्यात, असे नौदलमंत्री चर्चिल याने २० जानेवारी १९४० च्या भाषणात देशाला सांगितले. प्रत्यक्षात तोवर नऊ बुडाल्या होत्या. गॉडफ्रे याच्या विभागाचा अंदाज सत्याच्या पुष्कळच जवळ होता आणि मंत्र्याच्या आशावादासाठी तो वाढविण्यास त्याची तयारी नव्हती. अशी माणसे उपयोगी असतात, लोकप्रिय नसतात. त्याचा स्वभाव तिखट होता, कनिष्ठांकडून काम घेताना तो कठोर होई, आणि तिन्ही दलांच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीतील सहकाऱ्यांशी त्याचे पटेनासे झाले. १९४२ च्या सप्टेंबरात, व्हाइस-अ‍ॅडमिरलपदी बढती मिळत असतानाच, त्याला संचालकपदावरून दूर करण्यात आले. १९४३ मध्ये तो रॉयल इंडियन नेव्हीचा प्रमुख म्हणून दिल्लीस आला. लंडनच्या दृष्टीने ही नेमणूक म्हणजे एका अडचणीच्या माणसाची दूरदेशी केलेली सोय होती, हे उघड आहे.

ज्या नौदलाची सूत्रे त्याच्या हाती आली, त्याचे स्वरूप युद्धामुळे पार बदलले होते. १९३९ मध्ये त्यातील नाविकांची संख्या दोन हजारांच्या आत होती, आणि त्यांत रत्नागिरीकडील कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर वावरलेली ही माणसे होती. युद्ध संपेपर्यंत दलाची संख्या सुमारे तीस हजारांवर गेली. पंजाब, बंगाल, मद्रास, त्रावणकोर अशा सर्व भागांतून तरुण आले. त्यांतील पुष्कळ जण शाळेत शिकलेले, वृत्तपत्रे वाचणारे, तारायंत्र, रडार व संदेशवहन यांचे तांत्रिक काम करणारे होते. भरतीच्या वेळी पगार, बढती आणि युद्धोत्तर नोकरी यांविषयी त्यांना जी आश्वासने मिळाली होती, ती पाळली गेली नाहीत. जेवण निकृष्ट होते. त्याच दर्जाच्या ब्रिटिश नाविकापेक्षा पगार कमी होता. लढाई संपल्यावर सेवामुक्ती रखडली. गॉडफ्रे याच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की पगाराचे व सेवामुक्तीचे निर्णय सर्वस्वी त्याच्या हातात नव्हते. परंतु असंतोषाची जाणीव ठेवणे हे निश्चितच त्याच्या हातात होते. युद्धकाळात या दलात सामुदायिक अवज्ञेचे अनेक प्रसंग घडले होते. प्रत्येक प्रसंगाची चौकशी झाली, शिक्षा झाल्या, कागद बंद झाले. सारे कागद एकत्र मांडून त्यांच्या दिशा कोठे छेदतात हे पाहण्याचे काम झाले नाही.

याचे कारण काय असावे? माझ्या मते ते तक्रारीच्या व्याकरणात आहे. नौदलाच्या शिस्तीप्रमाणे नाविकाने तक्रार एकेकट्याने, आपल्या वरिष्ठामार्फत, त्याच्या अनुमतीने करावयाची असते. अनेकांनी मिळून केलेली तक्रार हीच अवज्ञा ठरते. म्हणजे या भाषेत ‘मी’ हा कर्ता चालतो, ‘आम्ही’ हा चालत नाही. आणि ‘मी’ची तक्रार ज्या वाटेने वर जाते, त्या वाटेवर ज्याच्याविरुद्ध ती आहे तोच बसलेला असतो. अशा व्यवस्थेत मुख्यालयापर्यंत पोहोचणाऱ्या वार्तेस कोणते अक्षर द्यावयाचे? तिचा स्रोत नाविक नव्हेच. त्याच्याविषयी बोलणारा अधिकारी हा तिचा स्रोत. पारख करण्याची पद्धती कितीही निर्दोष असली, तरी पारखावयास काही आले पाहिजे. लंडनमध्ये गॉडफ्रे याने बॅरिस्टराला नाविक अधिकाऱ्यांच्या पंक्तीत बसवून त्याचे ऐकले. दिल्लीत एखाद्या तारायंत्री नाविकाचे ऐकण्याची सोय साम्राज्याच्या रचनेतच नव्हती, आणि ती निर्माण करावी असे त्यालाही सुचले नाही.

बंडास तोंड फुटले ते कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन शाळेत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. १ डिसेंबर १९४५ रोजी नौदल दिनाच्या निमित्ताने तेथील भिंतींवर ‘चले जाव’च्या घोषणा रंगविलेल्या आढळल्या. फेब्रुवारीच्या आरंभी बलाईचंद दत्त या तारायंत्री नाविकास अशाच घोषणांवरून अटक झाली. ८ फेब्रुवारीस शाळेचा प्रमुख कमांडर किंग याने नाविकांना अत्यंत हीन शिव्या दिल्या. शिवी ही भाषेतील अर्थशून्य गोष्ट आहे असे काही जण समजतात, ते बरोबर नाही. शिवी देणारा ऐकणाऱ्याची सामाजिक पायरी ठरवीत असतो. नाविकांनी त्या शब्दांत आपली पायरी ऐकली. त्यांची तक्रार रेंगाळत राहिली आणि १८ फेब्रुवारीस त्यांनी अन्न नाकारले. दुसऱ्या दिवशी कॅसल बॅरक्स, फोर्ट बॅरक्स आणि बंदरातील नौका त्यांना मिळाल्या. ही बातमी इतर बंदरांत पोहोचली ती बव्हंशी नौदलाच्याच बिनतारी यंत्रांवरून. संदेश पाठविण्याची जी विद्या साम्राज्याने या तरुणांना शिकविली होती, तिचा उपयोग त्यांनी पहिल्यांदाच ‘आम्ही’ म्हणण्यासाठी केला.

गॉडफ्रे तातडीने मुंबईस आला. २१ फेब्रुवारीस कॅसल बॅरक्सपाशी गोळीबार सुरू झाला, आणि त्याच दिवशी त्याने नभोवाणीवरून भाषण केले. सरकारपाशी प्रचंड सामर्थ्य आहे, ते पूर्णपणे वापरले जाईल, मग त्यात ज्याचा आपणांस अभिमान वाटतो ते नौदलच नष्ट झाले तरी चालेल, असा त्याचा आशय होता. त्या दिवशी मुंबईचे नागरिक गेटवे ऑफ इंडियापाशी नाविकांसाठी खाद्यपदार्थ घेऊन जमले होते. मुख्यालयाला जे तीन वर्षांत उमगले नव्हते, ते शहराला तीन दिवसांत उमगले होते. २२ तारखेस गिरण्या व दुकाने बंद पडली. त्या दोन-तीन दिवसांत लष्कर व पोलिस यांच्या गोळ्यांनी दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य रस्त्यावरील साधे नागरिक होते. कराचीत ‘हिंदुस्थान’ नौकेवर तोफांचा मारा झाला. २३ फेब्रुवारीस, सरदार पटेल यांच्या सल्ल्यावरून, नाविकांच्या मध्यवर्ती समितीने शरणागती पत्करली. ७८ नौका आणि सुमारे वीस हजार नाविक या उठावात सामील झाले होते, असे सामान्यतः सांगितले जाते.

त्या दिवसांतील शब्दांकडेही पाहिले पाहिजे. नौदलाच्या कायद्यात या घटनेस एकच नाव होते, ‘म्युटिनी’. नाविकांनी स्वतः ‘स्ट्राइक’ हा शब्द निवडला आणि आपल्या मंडळास मध्यवर्ती संपसमिती म्हटले. १९२८ च्या गिरणी संपाची आठवण बाळगणाऱ्या मुंबईत हा शब्द परका नव्हता. त्यात मागण्या असतात, वाटाघाटी असतात, परत कामावर जाण्याची शक्यता असते. ‘म्युटिनी’त फक्त शरणागती असते. मराठीत रूढ झालेला ‘नाविकांचे बंड’ हा प्रयोग या दोहोंच्या मधला आहे. १८५७ च्या घटनेस कोणते नाव द्यावे यावर झालेल्या वादानंतर ‘बंड’ या शब्दास आपल्याकडे एक प्रकारची प्रतिष्ठा आली आहे. गॉडफ्रे ज्या भाषेत बोलला, तीत समोरच्याच्या संपाला उत्तर देण्याची सोय नव्हती. त्याचे भाषण कठोर होते हे खरे, पण ते निरुपयोगी ठरले ते दुसऱ्या कारणाने. नाविक एका घटनेविषयी बोलत होते आणि तो दुसऱ्याच घटनेविषयी बोलत होता.

मार्चमध्ये व्हाइस-अ‍ॅडमिरल जेफ्री माइल्स याने गॉडफ्रेकडून सूत्रे घेतली. न्या. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगापुढे मग नाविकांच्या साक्षी झाल्या, आणि निकृष्ट अन्न, वर्णभेद, मोडलेली आश्वासने, अधिकाऱ्यांची वागणूक या साऱ्या गोष्टी सरकारी कागदावर प्रथमच सलग उमटल्या. वार्ता अखेर मिळाली, परंतु तिचा उपयोग करण्याची वेळ निघून गेली होती. दीड वर्षाच्या आत साम्राज्यच आवरले गेले. गॉडफ्रे याला सर ही पदवी मिळाली नाही. दत्त यांनी आपल्या आठवणी १९७१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केल्या, आणि गॉडफ्रे याचे पॅट्रिक बीसली याने लिहिलेले चरित्र १९८० मध्ये निघाले.

या कारकीर्दीवरून गॉडफ्रे हा नादान होता असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो खरा नाही. तो आपल्या व्यवसायातील अत्यंत बुद्धिमान पुरुषांपैकी एक होता आणि म्हणूनच त्याचे अपयश अभ्यसनीय आहे. शत्रूविषयी अज्ञान आहे हे तो जाणत होता, म्हणून त्याने ते दूर केले. हाताखालच्या माणसांविषयी आपल्याला ज्ञान आहे असे त्याने गृहीत धरले, म्हणून तेथे अज्ञान टिकून राहिले. ज्या दप्तरांवर आपण वसाहतकाळाचा इतिहास रचतो, ती दप्तरे याच गृहीतावर उभी आहेत. त्यांतील प्रत्येक कागद आपण अस्सल-नक्कल म्हणून तपासतो, लिहिणाऱ्याचा हेतू पाहतो, मजकूर ताडून घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याला लिहिण्याची वाट नव्हती, त्याचा कागद त्या दप्तरात नसतो. त्या मौनास आपण समाधान समजलो, तर १७ फेब्रुवारी १९४६ रोजी गॉडफ्रे याच्या मुख्यालयास जितके कळले होते तितकेच आपल्यालाही कळेल.